टाळजोडी

"आधी यांची लोणच्याची बरणी काढा, बुवा. तीच जड आहे," माझ्याकडे बोट दाखवत धारपवहिनी म्हणाल्या.

आमच्या बेटावरचा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथे सामानासकट माणसालाही काट्यावर उभं करतात. विमानच एवढंसं, जरासंही जास्त वजन चालत नाही. कीर्तनकार बुवा पिशवी घेऊन उभे होते आणि काटा पुढे गेला होता.

"वड्यांचा डबा काढा की," मी म्हटलं. वड्या वहिनींच्या. बेटावर मराठी घरं दोनच, माझं आणि कुंपणापलीकडचं त्यांचं, पण बुवा उतरले त्यांच्याकडे. कीर्तनात माझे डोळे भरून येत. मग बुवा त्यांच्या घरी जेवायला जात आणि मी जळत माझ्या घरी येई.

बुवा हसले. त्यांनी पिशवीतून आपले पितळी टाळ काढले, मधली दोरी सोडली आणि एक टाळ मला दिला, एक वहिनींना. "पुढच्या वर्षी आलो की परत घेईन."

"माझा जरा मोठा दिसतोय," वहिनी म्हणाल्या.

विमान गेलं. संध्याकाळी मी देवापुढे बसले, पण एकटा टाळ वाजवायचा कशावर? ताम्हनावर आपटून पाहिला, तर देवही दचकले असतील. शेवटी कुंपणाशी गेले.

"वहिनी, आरतीला या. येताना टाळ आणा."

"वड्या आणू थोड्या?"

"नको. टाळ पुरे."