कडुलिंबाखालचा दगड

श्रीपतीने कडुलिंबाखाली ठेवलेल्या दगडाला शेंदूर फासला. दगड त्यानेच मघाशी गटारातून काढला होता, नळाखाली धुतला होता.

“मामा, हे काय करताय?” सून पंचशीला दारातून ओरडली. “आपण बौद्ध माणसं. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात तुम्ही. आत्याबाई असत्या तर घरात घेतलं नसतं तुम्हाला.”

“तिच्यासाठीच करतोय.”

पेणकरपाड्यातला तो कडुलिंब त्याच्या बायकोने, केसरबाईने लावला होता, मराठवाड्यातून पदराला बांधून आणलेल्या निंबोळीतून. ती गेली तेव्हा श्रीपतीने तिची राख त्याच झाडाच्या मुळाशी घातली. आता रस्ता रुंद होणार होता आणि झाड आड येत होतं. पालिकेच्या उद्यान विभागातला अमोल त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाला होता, “काका, झाडासाठी कितीही चपला झिजवा, कोण विचारतोय? खाली देव असला ना, तर आमचे साहेबपण हात लावत नाहीत.”

तसंच झालं. करवती घेऊन आलेल्या माणसांनी शेंदूर पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि ती निघून गेली. पालिकेने रस्ताच जरा वाकवला. त्या दिवशी श्रीपती खोडाला पाठ लावून बसला आणि किती तरी वेळ एकटाच हसत राहिला.

मंगळवारी कोणीतरी जास्वंद वाहिलं. मग अगरबत्ती आली, घंटा आली, मंडळ आलं. लाद्या बसल्या, खोडाला सिमेंट भिडलं. श्रीपती लाजेने तिकडे फिरकेनासा झाला. लांबून शेंडा दिसला की त्याला पुरे व्हायचं.

एका सकाळी ढोल ऐकून तो बाहेर आला. कडुलिंबाला दोर बांधले होते. पाखरं देवावर घाण करतात, म्हणून मंडळ पक्कं मंदिर बांधणार होतं. अमोल तिथेच उभा होता.

“परवानगी आहे, काका. कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून इथेच खोडावर नोटीस लावली होती. कोणी आलंच नाही.” तो खाली बघत म्हणाला. “तुम्हीसुद्धा नाही.”

मंडळाच्या हंसाबेननी श्रीपतीच्या हातात नारळ ठेवला. “काका, पहिला नारळ तुमचाच. देव तुम्हीच बसवला ना!”

श्रीपतीचा धीर सुटला.

“देव नाही तो! दगड आहे!” तो भर गर्दीत ओरडला. “मी गटारातून उचललाय! झाड वाचावं म्हणून शेंदूर फासला! माझी बायको आहे या झाडाखाली!”

ढोल थांबला. कोणी रागावलं नाही. हंसाबेनचे डोळे मात्र भरून आले. त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि त्या गर्दीकडे वळल्या.

“ऐकलंत? एवढी वर्षं देव गटारात पडून होते. दिसले कोणाला, तर यांना.”