बाण हालंना

बाण काय हालंना. दर्शनीनं बोट ओढणीला पुसलं, टचपॅडच्या चौकोनावर परत घासलं, दुसऱ्या हाताचं बोट लावून बघितलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तो पांढरा बाण मेल्या माशीवानी मधोमध चिकटलेला. पुण्याच्या कंपनीची मानसं आता थोड्या वेळात त्याच पडद्यावर येनार व्हती, तिची मुलाखत घ्यायला. मोबाईल चालत न्हाई, लॅपटॉपच पायजे, असं त्यांनी आधीच बजावलेलं. आन् आत शिरायचं बटन दाबायला बाण तिथवर जायला तर पायजे. कीबोर्डानं सरकवायला गेलं की भलतीकडंच उडी पडत व्हती. माऊस आनायचा तर शिरूर गाठावं लागतं, तेवढा वेळच कुठं व्हता.

तिची माय केशरबाई चुलीपाशी भाकरी फडक्यात बांधत व्हती. भाइर ट्रॅक्टर उभा. दोन ट्रॉल्यांत टोळीचा सगळा संसार चढलेला, भांडी, कोंबड्या, लेकरं. ऊसतोडीला निघालेली मानसं बसून बसून वैतागलेली. मुकादम बजरंग दोनदा दारात येऊन गेलता. गेल्या साली मायलेकींनी जोडीनं ऊस तोडला, दोघींचा मिळून एक कोयता, म्हंजी एक जोडी, धरला व्हता त्यानं. औंदा पोरीचं काय, एवढंच त्याला इचारायचं व्हतं. नोकरी लागली तर पोरगी पुण्याला, न्हाई तर ट्रॉलीत. केशरबाईनं दोन्ही वेळंला त्याला तांब्याभर पानी दिलं आन् परत चुलीपाशी गेली.

मोबाईल नेटला गुतलेला, म्हनून दर्शनीनं मायचा बटनाचा फोन कानाशी धरला व्हता. पलीकडं मावसभाऊ प्रविण. पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हाय. हा लॅपटॉप त्यानंच जुन्या बाजारातनं आनून दिलेला. विंडोज त्याला पेलत न्हाई म्हनून लिनक्स टाकलेलं. आता तो एकेक अक्षर सांगत व्हता आन् ही पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाईप करीत व्हती. मशीनला काय काय जोडलंय त्याची नावं एकाखाली एक उतरली. कीबोर्ड, कॅमेरा, आन् खाली टचपॅडबी.

म्हंजी मशीन त्याला वळखतंय, प्रविण म्हनाला, मग मेलेलं न्हाई ते. त्यानं आनखी एक वळ टाईप करायला सांगितली. टचपॅड चालू हाय का बंद, ते तिच्यानं कळतं. चालू हाय, असंच आलं. मशीन म्हनतंय हाय, सेटिंग म्हनतीय चालू, आन् बोटाला दाद न्हाई. मशीनच बंद करून परत चालू कर, प्रविण म्हनाला. ते येडं उठूस्तोवर कंपनीवाले उठून जातील, दर्शनी म्हनाली. केशरबाईनं भाकरीची गाठ सोडली आन् परत मारली.

मग प्रविणनं इचारलं, त्या चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यात बारका दिवा पेटलाय का, नारिंगी?

तिनं वाकून बघितलं. दिवा कुठला, तिथं कुंकू व्हतं. नखानं खरवडलं तर खाली हळद, आन् हळदीखाली इवलासा दिवा, पेटलेला.

ह्या मॉडेलला खोड हाय, प्रविण सांगाया लागला. त्या कोपऱ्यावर कुनी लागोपाठ दोनदा बोट टेकवलं की ते झोपतं आन् दिवा पेटतो. सेटिंगला पत्ता लागत न्हाई.

सकाळी पोरगी आंघुळीला गेलती तवा केशरबाईनं कोयता पुजला. निघायच्या दिशी पुजतेतच. पात्याला लावायचं, जिथनं काम व्हतंय तिथं. बाजूला लॅपटॉप उघडा. पोरीचं बोट दिसभर त्या चौकोनावर फिरतंय, म्हनून तिनं तिथंबी कोपऱ्यात हळद टेकवली, लगेच कुंकू टेकवलं, आन् हात जोडले.

दर्शनीनं मान वर केली. डोळे लाल.

"माय, मला ट्रॉलीत न्यायचंच व्हतं तर तोंडानं सांगायचं."

केशरबाईचा हात फडक्यावरच थांबला. "कोयत्याला लावलं," ती म्हनाली. "मग ह्याला का नको?"

तेवढ्यावर बोलायला दोघींनाबी वेळ नव्हता. दर्शनीनं कोपऱ्यावर बोट टेकवलं, उचललं, परत टेकवलं. दिवा इझला. बाण असा पळाला की पडद्याच्या कडंला जाऊन आदळला. तिनं बटन दाबलं, ओढणी सारखी केली, केस कानामागं सारले. आन् पडद्यावर टाय घातलेला एक मानूस दिसला तवाच भाइर ट्रॅक्टरचा हार्न केकाटला.

पोरगी दचकली. केशरबाईनं गाठोडं काखंत मारलं, कोयता घेतला आन् दार हळूच वढून भाइर आली.

बजरंगाला ती म्हनाली, माझा अर्धा कोयता धर, मी एकलीच येते. तो म्हनाला, मावशे, एकलीला जोडीला कोन घेतंय, मोळ्या कोन वाहील? बघू तिथं गेल्यावर, ती म्हनाली, पर आता हार्न वाजवू नको आन् विंजिन चालू करू नको. फुडं उतार हाय, न्यूट्रलला सोड.

बजरंग हसाया लागला. मग त्याचं ध्यान खिडकीकडं गेलं. त्यानं ड्रायव्हरला हातानंच खूण केली.

ट्रॅक्टर आवाज न करता सरकला. बायांनी लेकरं छातीशी दाबली, एकानं कोंबडीची मान धरली. सगळी टोळी खिडकीवरनं चोरावानी चालली. आतनं दर्शनीचा आवाज येत व्हता, इंग्रजीत, मधीच अडखळत, परत धरत.

ट्रॉलीत शेजारी बसलेली छबुबाई केशरबाईच्या कानाशी लागली. "काय बोलती गं पोरगी?"

केशरबाईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"काम मागती," ती म्हनाली.