दोन्ही मांड्या सारख्या

लेंगा मांडीशी अडकला तो वर सरकेचना. आईचा चेहरा फुलला.

"अहो मास्तर, शिवण उसवा जरा," ती नवऱ्याला म्हणाली. खुशीत असली की तीही गिऱ्हाइकांसारखी त्याला मास्तर म्हणायची. "लेक भरलीय तुमची."

लेक सोळा दिवसांची. वेळेआधी आलेली, त्यात रक्तात जंतुसंसर्ग झालेला. जांघेतल्या शिरेत नऊ दिवस नळी होती, ती परवाच काढली होती. बाळांच्या त्या अतिदक्षता विभागात सगळ्या आयांचा जीव सकाळच्या वजनकाट्यात अडकलेला असे. काटा दहा ग्रॅम उतरला, तर त्या आईला दिवसभर घास गोड लागत नसे. आज हिचा काटा एकदम नव्वद ग्रॅम चढला होता, आणि हे शेजारच्या दोघींना सांगूनही झालं होतं.

शिंप्याने लेंगा हातात घेतला आणि त्याची नजर झबल्यावर गेली. एकाच दिवशी, एकाच कापडातून बेतलेले कपडे. लेंगा अडकला होता आणि झबलं खुंटीला टांगल्यासारखं लोंबत होतं. तीस वर्षांत त्याने वाढती पोरं काय कमी मापली होती? पोर वाढतं ते सगळीकडून वाढतं.

त्याने सिस्टरकडून टेप मागून घेतली. खिशातली मापवही उघडली. चार दिवसांपूर्वी छाती अकरा इंच होती, आताही अकराच. मांडी सव्वाचार होती. आता पाच. दुसरीही पाच.

"दादा, दर पाळीला मोजतो आम्ही," सिस्टर समजुतीने म्हणाली. "नळीच्या पायात रक्ताची गुठळी झाली, तर तो एकटा पाय सुजतो. हे बघा, दोन्ही मांड्या सारख्या." तिने कागद दाखवला. त्यावर रकाना एकच होता, दोन पायांतल्या फरकाचा. खालपर्यंत शून्यं होती.

"सारख्या आहेत हो एकमेकींसारख्या! पण चार दिवसांमागं होत्या तशा नाहीत."

बायकोने त्याचा हात धरून ओढला. "दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा काहीतरी बरं झालंय. तेवढंही बघवत नाही का तुम्हाला?"

तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. आपलंच माप चुकलेलं असू दे, असं त्याला मनापासून वाटत होतं. तरी तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी घाईघाईत वही पाहिली. "सोनोग्राफी करून घेऊ. उद्या बघू."

उद्या! हा शब्द शिंप्याच्या तोंडात जन्मभर बसलेला. त्यावर किती विसंबायचं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने डॉक्टरांच्या कोटाची बाही धरली. "उद्या नको, डॉक्टर. पाया पडतो तुमच्या. आत्ता बघा."

मशीन आलं. डॉक्टरांचा हात मांडीवरून पोटाकडे सरकला आणि बेंबीशेजारी थांबला. दोन्ही पायांचं रक्त जिथे एकत्र येतं, त्या मोठ्या शिरेतच गुठळी होती. म्हणून दोन्ही पाय सारखेच सुजले होते, आणि त्यांत साचलेल्या पाण्यानेच काटा चढला होता.

"रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सुरू करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. नाही दिलं, तर मूत्रपिंडं जातील, नाहीतर गुठळी सुटून फुप्फुसात जाईल. सही लागेल."

मापवही खिशात ठेवून शिंप्याने सही केली.

दिवसातून दोनदा ती बारीकशी सुई कातडीखाली जाऊ लागली. टाचेतून रक्त काढून तपासायचं, औषधाचा थेंब कमी-जास्त करायचा. पाय आता निळसर दिसत. लेक रडायचंही विसरली होती. बायको त्याच्याशी बोलेना. गुठळी त्याने शोधली नव्हती, त्यानेच आणली होती, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती. त्यालाही अधूनमधून तसंच वाटे.

पाचव्या दिवशी मशीन पुन्हा आलं. गुठळीच्या कडेने रक्ताला वाट मिळाली होती. पण आईला मशीनमधलं काही कळत नव्हतं. सहाव्या सकाळी ती काट्यापाशी जाऊन उभी राहिली. पाय गुलाबी होते, काटकुळे, गुडघ्याच्या वाट्या दिसतील असे.

"एकशे दहा ग्रॅम कमी," सिस्टर म्हणाली.

"अगं बाई!" शेजारची आई हळहळली.

हिने मात्र सिस्टरला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग तोंडावर हात दाबून ती हसायला लागली, हसता हसता हमसून रडली आणि तशीच नवऱ्याकडे वळली.

"अहो मास्तर," ती म्हणाली, "लेंगा आत घ्या जरा."