चाकाखालचा दगड

“दगड काढला का?” दयारामनं गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

“काढला, डाक्टरसाहेब. बसा तुमी निवांत.” शेषरावनं चाकाखालचा दगड कडेला टाकला आणि मागं जाऊन गाडीला हात लावला. निवृत्ती नि आणखी दोघं होतेच.

धुक्यात काळी गाडी आधी हललीच नाही. मग झोपेत कूस बदलावी तशी सरकली. खोकली, थरथरली आणि धूर सोडत निघाली.

“चालली सासरी!” निवृत्ती ओरडला. “पन रडल्याबिगर जाईन तं शप्पत!”

कडेवरच्या मुलीचा हात धरून दयारामच्या बायकोनं, तानाबाईनं, तो हलवला. गाडी धुक्यात विरली तरी ती तिकडंच बघत होती.

दयाराम मोताळ्याच्या दवाखान्यात गुरांचा डॉक्टर होता. खेडोपाडी फिरायला त्यानं मलकापूरच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी गाडी घेतली होती. ती इतकी चाललेली, की मैलांचे आकडे एकदा पुरते फिरून शून्यावर आले आणि पुन्हा निघाले होते. रविवारी तो गोणपाट अंथरून तिच्याखाली शिरायचा. प्लग कानशीनं घासायचा, ब्रेकचं तेल बदलायचा, पंक्चरही स्वतःच काढायचा. तानाबाई बाजेवर पोरीला निजवून पान्हे हातात द्यायची. श्रावणात गाडी चालू करायचा सेल्फ बंद पडून बसला होता, तो मात्र अजून उठला नव्हता. हँडल मारून चालू करावी, तर हँडलची खाच झिजलेली.

“सगळं जुळवता, एक सेल्फच कसा जुळत नाही?” तिनं एकदा विचारलं.

गाडीखालून आवाज आला, “म्हातारी आहे. एखादं दुखणं तिला ठेवू द्यावं.”

“मग निदान उतारावर लावत जा. शाळेपाशी आहे की उतार.”

“हँडब्रेकचा भरवसा नाही.”

हँडब्रेकची नवी केबल मागच्याच रविवारी बसली होती. पान्हा तिनंच दिला होता. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत असायचं.

पोरीला तापात एकदा झटका आला होता. डोळे फिरवले, ओठ निळे झाले. तेव्हापासून तानाबाई झोपेतही तिच्या कपाळावर हात ठेवून असायची. दयाराम दौऱ्यावर असताना पुन्हा तसं झालं, तर हाक कोणाला मारायची? या गल्लीत त्यांचं एकच घर बौद्धांचं. राहायला आले त्या दिवशी शेजारची वच्छलाबाई हौसेनं आली होती. भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिनं पाहिली आणि उंबऱ्यावरूनच, “दूध उतू जाईन वो,” म्हणत परतली. नंतर कोणीच आलं नाही. गुरं मात्र दयारामकडं यायची.

मग सेल्फ बसला. वावरात निघालेला शेषराव, वच्छलाबाईचा नवरा, थांबला. बघत राहिला. तंबाखू थुंकून त्यानं गाडीला हात लावला. दुसऱ्या दिवशी निवृत्तीला घेऊन आला. हात काळे झाले म्हणून तानाबाई लांबूनच पाणी ओतू लागली. एका सकाळी शेषरावनं हात धुतले आणि त्याच तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन टाकलं. ती रात्रभर जागी राहिली. पुढं नवऱ्याला शोधत वच्छलाबाई आली, “काऊन रडते वो पोरगी?” म्हणाली आणि पोरीला घेऊन ओट्यावर बसली.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी पोरगी तापली. दयाराम जेवायला आलेला होता म्हणून बरं. तानाबाई गल्लीभर धावली. वच्छलाबाईच्या दाराला कडी, निवृत्तीच्या घरी नुसतं कुत्रं. सगळं गाव वावरात. वाऱ्यावर कापसाचे तंतू तेवढे तरंगत होते.

“कोणी नाही हो!” ती रडत परतली. “आता ढकलणार कोण?”

दयारामनं बॉनेट उघडलं होतं. बॅटरीमागं खोसलेली एक जाड तार त्यानं ओढून काढली, बसवली, नट आवळला. आत बसून सेल्फचा खटका ओढला.

गाडी पहिल्याच ओढीला चालू झाली.

मलकापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वावरं पांढरी होती. गाडी चालतच नसावी, रस्ताच खालून कोणी हळूहळू ओढून घेत असावं, असं तिला वाटत होतं. इंजिनाच्या गुणगुणीत पोरीचा श्वास मिसळून गेला होता. ती तो वेगळा काढून ऐकत होती.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“पोळ्यालाच झाला होता दुरुस्त.” त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. “तुला माणसं हवी होती.”

दुसऱ्या सकाळी पोरीचा ताप उतरला होता. दयारामनं तिला खांद्यावर घेतलं होतं. तानाबाई पान्हा घेऊन बाहेर गेली. बॉनेट उचलून तिनं नट सैल केला, तार काढून बॅटरीमागं खोसली आणि बॉनेट लावलं. हात पदराला पुसले.

धुक्यातून एकेक जण आला.

“काल मलकापूरले गेलते म्हने,” वच्छलाबाई म्हणाली. “गावात तं कोनी नव्हतं. गाडी कोनं ढकलली?”

“रस्त्यानं बंडीवाले चालले होते. त्यांनी.”

“हाव काय,” म्हणत वच्छलाबाईनं पोरीला दयारामकडून घेतलं आणि तिच्या गालाला गाल लावून पाहिला. दयाराम गाडीत जाऊन बसला.

शेषराव दगड काढायला वाकला. वाकलेलाच राहिला. मग त्यानं हात खालून आत घातला, काहीतरी वर सारलं आणि दगड घेऊन तो तानाबाईच्या जवळून गेला.

“वहिनी, तार जराशी नीट खोसत जा,” तो हळूच म्हणाला. “खाली लोंबून राह्यली होती. डाक्टरसाहेब पाहा, पोळ्यापासून कसे बराबर खोसतात!”