बाइंडरकाकांचे दोन हात

या, जरा पुढे सरकून बसा. दोन हातांची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण ऐकून झाल्यावर आपापल्या हातांकडे एकदा तरी बघाल.

बाइंडरकाकांचे हात भांडत होते. दवाखान्यातल्या टेबलावर एक यंत्र होतं, त्याला दोन खुंट्या. डावी फिरवली की पडद्यावरचा ठिपका आडवा सरकायचा, उजवी फिरवली की वर चढायचा. दोन्ही एकदम फिरवल्या तर तिरकी, सरळ रेघ निघावी. काकांचा ठिपका मात्र जिना चढत होता. एक पायरी आडवी, एक उभी, मध्येच घसरगुंडी.

दुकानातही हेच चाललं होतं. पुस्तक शिवताना उजवा हात बाहेरून सुई आत ढकलतो. पानांच्या घडीत दडलेला डावा ती पकडतो आणि पुढच्या भोकातून परत बाहेर देतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. तेहेतीस वर्षं त्यांचं बिनबोभाट चाललं होतं. पण ग्रंथालयाची जुनी पुस्तकं शिवायला आली आणि काय बिनसलं कोण जाणे. उजवा ढकलायचा तेव्हा सुई डाव्याच्या बोटात घुसायची. डावा द्यायचा तेव्हा उजवा भलतीकडेच. म्हातारपण म्हणावं, तर एकेकटा हात ठणठणीत. चहाचा कप डुचमळत नव्हता की सही वाकडी होत नव्हती. काकांना काही उमगेना. ज्या लाकडी चौकटीवर काका पुस्तकं शिवायचे, ती विकत न्यायला सोमवारी माणूस येणार होता. डॉक्टरीणबाईंनी आज हात सुधारायचे नाहीत म्हटलं, की दुकानाला कुलूप.

दवाखान्यात काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसल्या होत्या. एरवी त्यांना पुटपुटायची खोड. काका शिवायला बसले की समोर त्या पानं जुळवत बसायच्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी चालू असायचं. काकांच्या आईलाही तीच खोड होती. सासूची सुनेला लागली, असं काका येईल त्याला हसून सांगत. ग्रंथालयाची पुस्तकं आली त्या दिवशी दुकानात चारजण बसले होते. काका त्यांना म्हणाले, दोरा उरला की हिच्या तोंडाला एक टाका घालणार आहे. सगळे हसले. काकूही हसल्या. नंतर मात्र पुटपुटल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला.

"काका, मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा एक पूल असतो. या हाताची खबर त्या हाताला त्यावरून पोचते. तुमचा पूल जन्मापासूनच बारीक आहे. खरं तर असलं नाजूक काम तुमच्या दोन हातांना मिळून जमायलाच नको."

काकांनी विचारलं, "मग तेहेतीस वर्षं शिवलं कुणी?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," बाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचं एकदा करून बघायला सांगितलं.

काकांनी खुंट्या धरल्या. ठिपका पुन्हा अडखळला, पायरीवर बसला. काकांच्या कपाळावर घाम आला. तो पाहून कोपऱ्यातून अगदी हलका आवाज आला.

"घे… दे… घे… दे…"

ठिपका सावरला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत त्याने एक तिरकी रेघ ओढली, दोरा ताणून धरावा तशी.

बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या स्टुलाकडे बघत होत्या. काकूंनी तोंडावर रुमाल धरला. "चुकून झालं हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही करायची."

काका परक्याचे असावेत तसे आपले हात उलटसुलट करून पाहत होते. "अगं, पण हे कधीपासून?"

काकूंनी रुमाल खाली घेतला. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी त्यांना बाजूला घेतलं होतं. तेव्हाचं बोलणं काकूंनी जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाल्या, याचे हात एकमेकांना ओळखत नाहीत गं. सदऱ्याचं बटण लावायला शिकला तेव्हापासून मीच ओळख करून देतेय. आता तू दे. पण त्याला कळू देऊ नकोस, लाजेल."

सोमवारी चौकट न्यायला माणूस आला, तेव्हा काका शिवत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, चौकट विकायची नाही, आणि जरा हळू बोला, मला हिचं ऐकू येत नाही.

काकांच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली आहेत. उद्या सकाळी देवापुढे तुमचे दोन्ही हात न चुकता एकमेकांना भेटतील. तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा.