उलटी सीट

"ही पोरीची सीट उलटी बसवलीस," जेस्पर म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

क्रिस्टोफर आपल्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या दारातून कंबरेपर्यंत आत शिरला होता. तो आतूनच म्हणाला, "उलटी कुठे? पुढे तोंड करून तर आहे."

"तेच म्हणतोय मी."

जेस्परला आयतं कोलीत मिळालं होतं. तो गाड्यांच्या वार्षिक तपासणी केंद्रात कामाला होता. दिवसाकाठी चार गाड्या नापास केल्याशिवाय याला जेवण जात नाही, असं त्याची बायको मालिन म्हणायची. आता ती त्याची बायको नव्हती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टोफरकडे राहायला गेली होती आणि साडेतीन वर्षांची एब्बा एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे असायची. बदलाचा दिवस शुक्रवार. सकाळी एकाने बालवाडीत सोडायचं, दुपारी दुसऱ्याने घेऊन जायचं. निरोप द्यायची वेळ कुणावर येतच नसे. आज मात्र बालवाडी बंद होती, मालिन कामात अडकली होती आणि एब्बाला न्यायला पहिल्यांदाच क्रिस्टोफर आला होता.

एब्बा फुटपाथच्या कडेला सशाचं चित्र असलेली पिशवी मांडीत घेऊन बसली होती. "क्रिक्के, आज शुक्रवार ना? म्हणजे जेवायला टाको ना?"

"टाकोच तर!" क्रिस्टोफर म्हणाला.

क्रिक्के! म्हणजे क्रिस्टोफरला लाडाचं नावही पडलं होतं. पोरगी हातची चालली, ही भीती त्याला महिनाभर खात होती. तिचा बाप कोण आहे, ते आज या माणसाला दाखवायचंच, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं.

"अरे, एवढीशी मान आणि केवढं डोकं पोरीचं! ब्रेक जोरात लागला तर? चार वर्षांपर्यंत मागे तोंड करूनच बसवतात, हे आपल्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

क्रिस्टोफर बाहेर आला. घामाने त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता. "ठाऊक आहे रे. माझा अंटन पाच वर्षांचा होईपर्यंत तसाच बसायचा. पण त्याची आई त्याला न्यायला यायची ना, तेव्हा मी दारात उभा असायचो, आणि... म्हणून म्हटलं, निदान बदलाच्या दिवशी तरी..."

"तुझं पुराण तुझ्यापाशी ठेव. हो बाजूला."

जेस्परने बाह्या सरसावल्या. सीट उपटली, फिरवली. तिचा आधाराचा पाय जमिनीला टेकवला, दोन्ही पट्टे पुढच्या सीटखाली अडकवून गुडघ्याने रेटत आवळले. सीट हलवून पाहिली, तर अख्खी गाडी हलली. मागच्या बाकाची डोक्याची उशी मध्ये येत होती, तीही त्याने काढून टाकली. "पोरीला बाहेरचं दिसायला नको?" एवढ्यावर न थांबता त्याने मागची काच रुमालाने लख्ख पुसली. क्रिस्टोफर नापास झालेल्या गाडीसारखा बाजूला उभा होता. जेस्परला मनापासून बरं वाटत होतं.

त्याने एब्बाला उचललं, जाकीट काढलं, पट्ट्यात बसवलं. तिच्या केसांचा वास घेतला. मग वळून बोट रोखलं. "आणि हे बघ, गाडी नवी आहे म्हणून हौस भागवायची नाही. या रस्त्यावर तीसची मर्यादा आहे. तू वीसनेच चालव. माझी मुलगी आहे आत."

"बरं," क्रिस्टोफर म्हणाला. आणखी काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, जेस्परकडे पाहिलं आणि तो गाडीत जाऊन बसला.

गाडी आवाज न करता निघाली. लख्ख काचेत एब्बाचा चेहरा अगदी समोर आला. तिने हसून हात हलवला. जेस्परनेही हलवला. पप्पा जागचा हलत नाही आणि लहान होत चाललाय, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग तिचा हात खाली आला. ओठ वाकडे झाले. तिने दोन्ही हात त्याच्याकडे पसरले. काच बंद होती, ऐकू काहीच येत नव्हतं, पण ती काय ओरडते आहे ते जेस्परला दिसत होतं.

त्याला धावत जावंसं वाटलं, तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण यातलं काहीच करता येत नव्हतं, कारण एब्बा बघत होती. तो दात दाखवून हसत राहिला, हात हलवत राहिला. त्या दूरच्या वळणापर्यंत रस्ता सरळसोट होता. एकदाची गाडी वळू दे, असं तो मनात घोकत होता.

पण ती वळणापर्यंत पोचेचना. सांगितल्याप्रमाणे क्रिस्टोफर ती अगदी वीसने चालवत होता.