तिन्हीसांजेचा अंदाज

सुलोचनाबाईंनी निरांजनातली वात पुढे सारली, आणि नेमकं तेव्हाच पूर्वाच्या लॅपटॉपवर, हवामानाच्या नकाशात, हैमाकडचं वाळवंटी पठार लाल झालं.

आखातात, अझैबातल्या त्या फ्लॅटात ही दोन कामं रोज एकाच मुहूर्तावर चालायची. सासू देवापाशी दिवा लावायची आणि सून पठारावरच्या सर्व्हे कॅम्पांना फोन करून रात्रीचं हवामान सांगायची. कॅम्पवाले दिवसभर माळावर पांगलेले, त्यांचा सॅटेलाइट फोन उघडायचा तो दिवेलागणीलाच. आणि दिवेलागणीला अभद्र बोलायचं नाही, घरातली वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे शास्त्र सुलोचनाबाईंनी गुहागरहून कोकमाच्या पुडीसोबत आणलं होतं. त्यांच्याकडची वास्तू तर भलतीच तत्पर. एकदा एकाने तिन्हीसांजेला 'कौलं उडतील' म्हटलं, तर त्याची उडालीच, शेजारच्या वाडीचीही उडाली. एका बिचाऱ्याचं नुसतं गवती छप्पर होतं. त्याच्यावर आधी दुसऱ्यांची कौलं येऊन बसली आणि मग तीही उडाली.

पूर्वा आधी हसली होती. इंजिनिअर बाई, उपग्रहाची चित्रं वाचणारी. पण वसंत ऋतूच्या सुरुवातीला तिने एका संध्याकाळी 'धुळीचं वादळ' असं चांगलं ठणठणीत म्हटलं, आणि त्या रात्री एका कॅम्पची गाडी उलटली. ड्रायव्हर वाचला. पूर्वाची जीभ मात्र तेव्हापासून मऊ झाली ती झालीच. वादळाची झुळूक झाली, मुसळधारेचा शिडकावा झाला. पठारही असं लबाड, की ढग यायचे, गुरगुरायचे आणि समुद्राकडे निघून जायचे. शेवटी पूर्वाताईंचा शिडकावा म्हणजे कपडे वाळत घालायला हरकत नाही, असं कॅम्पांत ठरून गेलं.

आजचा ढग निघून जाणारा नव्हता. तो पठाराच्या उत्तरेला बसून पसरत चालला होता. तिथली जमीन भाजलेल्या परातीसारखी, पाणी मुरत नाही, जिथे खळगा दिसेल तिथे धावतं. आणि वाऱ्याचा मारा चुकवायला धनंजयने, पूर्वाच्या नवऱ्याने, सगळे तंबू खळग्यातच ठोकले होते. जागा किती झकास आहे याचा फोटोही घरी पाठवला होता.

फोन लागला. सुलोचनाबाईंनी मागे न वळताच म्हटलं, "मऊ सांग गो. माझा लेक आहे तिथे."

पूर्वाने तोंड उघडलं आणि सवयीने शिडकावाच बाहेर पडला. धनंजय म्हणाला, बरं झालं, आमच्या स्वयंपाक्याने, नुमानने, नुकताच भात लावलाय. तो भात पूर्वाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्याच्यावरून जाणारं पाणीही. नाही, थांब, ती म्हणाली, आणि मग काही मऊ न करता सगळं सांगितलं. उत्तरेला मोठा पाऊस सुरू झालाय, पाणी खळग्याकडे येणार, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना घेऊन वर चढा.

तिकडे तो हसला. आज आई घरात नाही वाटतं, म्हणाला.

आहेत, इथेच आहेत, पूर्वा म्हणाली. तिथेच सगळं बिघडलं. आई शेजारी असताना ही दिवेलागणीला पुराच्या गोष्टी करणार आणि आई करू देणार, यावर पोटच्या पोराचा विश्वास कसा बसावा? वर चांदण्या दिसतायत, त्याने ऐकवलं. सामान उपटायचं म्हणजे माणसं मला शिव्या घालतील. थट्टा पुरे.

"अरे, थट्टा नाही रे."

"मग आईला दे. ती म्हणाली तर उठतो."

पूर्वाने फोन सासूपुढे धरला. दुसऱ्या हाताने लॅपटॉप वळवला. लाल डाग पसरत पसरत एका बारीकशा टिंबाला टेकला होता. ते टिंब कोण, हे सुलोचनाबाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

या बाईने जन्मात वाईट शब्द तोंडातून काढला नव्हता. घरात तांदूळ संपले की ते 'वाढले' म्हणायच्या. दिवा विझवायच्या नाहीत, त्याला निरोप द्यायच्या. नवरा गेला त्या पहाटे शेजारणीला उठवून त्यांनी इतकंच सांगितलं होतं, की हे आज बोलत नाहीयेत.

त्यांनी देवाकडे पाहिलं. ज्योत सरळ उभी होती. मग त्यांनी फोन असा हिसकावला, की पूर्वाच्या हाताला नख लागलं.

"धन्या, मरशील," त्या म्हणाल्या. "तिथे बसलास तर पाण्यात मरशील, आणि त्या सगळ्यांना घेऊन मरशील. ऊठ मेल्या."

पलीकडे भांडं लवंडल्याचा आवाज झाला आणि धनंजय ओरडायला लागला, पण यांच्याशी नव्हे. यल्ला, यल्ला, चला, भात राहू दे, गाड्या वर घ्या. त्याच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता, लांबून ट्रक येतात तसा. तो वाढत गेला आणि फोन तुटला.

पूर्वाने पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. चित्रातलं टिंब आता लाल डागाच्या पोटात दिसेनासं झालं होतं. काहीतरी बोलावं म्हणून ती सासूकडे वळली.

सुलोचनाबाई देवापुढे भुईवर बसल्या होत्या. पदराचा बोळा त्यांनी दोन्ही हातांनी तोंडात कोंबला होता, आणि तरीही आणखी कोंबतच होत्या.